टेबलावाचून बिऱ्हाड

'बिऱ्हाड' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. 'बिऱ्हाड शोधतो आहे' असे कोणी म्हटले की त्याचा अर्थ जागा. 'बिऱ्हाड हलवले' म्हटले की सामान. आणि 'वाड्यात सहा बिऱ्हाडे होती' म्हटले की कुटुंबे. जागा, वस्तू आणि माणसे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याखेरीज राहणे घडत नाही, हे भाषेला आपल्याआधी उमगलेले दिसते. भालचंद्र नेमाडे यांनी चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्यांपैकी पहिलीला 'बिढार' (१९७५) हे याच शब्दाचे जुने रूप नाव म्हणून दिले, तेव्हापासून मराठी समीक्षेत या शब्दाची चर्चाही पुष्कळ झाली. पण ती सगळी अस्थिरतेची, उपरेपणाची, मुळे तुटण्याची चर्चा. विद्यार्थ्याच्या बिऱ्हाडातला माणूस आपल्या साहित्याने पाहिला, त्याची भूक पाहिली, क्वचित त्याची खोलीही पाहिली. त्या खोलीतले सामान मात्र आपण लेखक, समीक्षक आणि शिक्षक या सर्वांनीच नजरेआड केले. त्या सामानाविषयी, आणि त्यातही एका वस्तूविषयी, येथे लिहायचे आहे.

उदाहरण पुण्याचे घेतो, कारण ते जवळून पाहिलेले आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या येथील विद्यापीठात, तसेच शहरातल्या महाविद्यालयांत, दरवर्षी बीडहून, नंदुरबारहून, चंद्रपुराहून मुले-मुली एम.ए.साठी येतात. वसतिगृह सगळ्यांना पुरत नाही. ज्यांना पुरते त्यांनाही पुढे कधीतरी ते सोडावे लागते. मग तिघे-चौघे मिळून खडकी, कर्वेनगर, वारजे, धनकवडी असे कुठेतरी एक-दोन खोल्या घेतात. आयुष्यातले पहिले स्वतंत्र बिऱ्हाड ते हेच. घरमालकाचे डिपॉझिट, एजंटाची दलाली आणि पहिल्या महिन्याचे भाडे एकदम मोजून झाले की हाताशी जे उरते त्यातून खोली 'लावायची' असते. तेव्हा खरेदीचा क्रम बहुधा असा लागतो: गादी, बादली, कुकर, शेगडी, पंखा नसेल तर पंखा, कपड्यांसाठी दोरी. टेबलाचा विषय निघतो तेव्हा कोणीतरी म्हणते, "नंतर बघू." हे 'नंतर' दोन वर्षांत येत नाही. मुले एम.ए. होऊन जातात ती मांडीवर वही ठेवून, पोटावर पालथे पडून, भिंतीला पाठ टेकवून.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की हा क्रम चुकलेला आहे, आणि तो एकट्या मुलांनी चुकवलेला नाही. टेबल ही चैन आहे, नव्या घराची शोभा आहे, संसार स्थिरावल्यावर घ्यायची वस्तू आहे, ही समजूत त्यांना आपण दिली आहे.

पुण्यातल्या बाजाराने तर या समजुतीचे दोन स्वतंत्र धंदे केले आहेत. सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागांत 'कॉट बेसिस' नावाचा प्रकार चालतो. तिथे खोली भाड्याने मिळत नाही. मिळते ती खाट. एका खोलीत चार-पाच लोखंडी खाटा, प्रत्येकीखाली एक ट्रंक, असलेच तर भिंतीत एक सामाईक कपाट, आणि भाडे खाटेमागे. भाषेचा विद्यार्थी असलेल्याने या शब्दप्रयोगाकडे जरा थांबून पाहावे. माणसाला राहायला किती जागा लागते याचे उत्तर येथे साडेसहा फूट गुणिले तीन फूट असे दिलेले आहे, आणि ते आडव्या माणसाचे माप आहे. बसलेल्या माणसाची तरतूद याच गल्लीत दोन मजले वर केलेली असते. तिचे नाव अभ्यासिका. तेथे स्पर्धा परीक्षांची मुले दरमहा फी भरून एक खुर्ची, टेबलाचा लाकडी फळ्यांनी वेगळा केलेला तुकडा आणि एक दिवा मिळवतात. म्हणजे झोपायची जागा एकाकडून भाड्याने आणि लिहायची जागा दुसऱ्याकडून. खाटेच्या खोलीत टेबल मावत नाही म्हणूनच अभ्यासिकेचा धंदा चालतो, हे उघड आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अभ्यासिका, ग्रंथालये एकदम बंद झाली, तेव्हा या व्यवस्थेतले लिहिण्याचे टोक गळून पडले आणि नुसती खाट उरली. गावी परतलेल्यांना तर तीही नाही.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला अभ्यासिका कदाचित पुरत असेल. साहित्याच्या अभ्यासाला ती पुरत नाही, आणि यामागे कसलाही उच्चभ्रूपणा नाही. कामाची रीतच वेगळी आहे. कवितेवर चार पाने लिहायची तर मूळ संग्रह, दोन समीक्षाग्रंथ, एखादा कोश, झेरॉक्सचे गठ्ठे आणि आपली टिपणे एकाच वेळी उघडी लागतात. ती रात्री उघडी ठेवून झोपता आली पाहिजेत आणि सकाळी त्याच पानावर परत बसता आले पाहिजे. अभ्यासिकेत तास संपला की सगळे आवरून पिशवीत भरावे लागते. खाटेवर लिहायचे तर झोपण्याआधी पुस्तके खाली, उठल्यावर पुन्हा वर. ही ने-आण रोज करणारा विद्यार्थी हळूहळू एका वेळी एकच पुस्तक उघडायला शिकतो. त्यातून जे लेखन होते ते आपण तपासतोच: एका पुस्तकातून उतरवलेला प्रबंधिकेचा एक भाग, मग दुसऱ्या पुस्तकातून उतरवलेला दुसरा. त्याला आपण 'चिंतनाचा अभाव' असा शेरा मारतो. कधीकधी तो टेबलाचा अभाव असतो. (सगळ्याच वाईट प्रबंधिका टेबलाअभावी वाईट होतात असे नव्हे. शिसवी टेबलावर लिहिलेल्या वाईट प्रबंधिकाही पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर पदव्याही मिळाल्या आहेत.)

या उपेक्षेचे मूळ आपल्या आवडत्या कथांत आहे. विद्या हवी तर सुखाची अपेक्षा धरू नये, अशा अर्थाचे सुभाषित शाळेतच पाठ होते. माधुकरी मागून शिकलेले, वार लावून जेवलेले, नगरपालिकेच्या दिव्याखाली वाचलेले विद्वान आपल्या चरित्रवाङ्मयात जागोजाग भेटतात. गोपाळ गणेश आगरकरांच्या एकुलत्या सदऱ्याची, रात्री धुवून सकाळी घालण्याची, गोष्ट कोणाला ठाऊक नाही? ती ऐकून आपल्याला भरून येते, आणि भरून आले की प्रश्न सुचत नाहीत. ज्यांना दिव्याखाली वाचून जमले त्यांची चरित्रे लिहिली गेली. ज्यांना जमले नाही, जे डोळे दुखतात म्हणून, पाठ धरते म्हणून, घरी पैसे मागायची लाज वाटते म्हणून परत गेले, त्यांचे चरित्र कोण लिहिणार? गैरसोयीने विद्वान घडतो असे या कथांतून सिद्ध होत नाही. काहीजण गैरसोयीला पुरून उरले, एवढेच सिद्ध होते.

दलित आणि ग्रामीण आत्मकथनांनी ही गोष्ट वेगळ्या स्वरात सांगितली, हे येथे नोंदवले पाहिजे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), आनंद यादवांचे 'झोंबी' (१९८७) यांत शिकण्याच्या वाटेवरचे हाल तपश्चर्या म्हणून येत नाहीत. ते कोणीतरी लादलेले आहेत याची जाण पानोपानी आहे. आपण वर्गात ही पुस्तके शिकवतो, 'भोगलेले वास्तव' असा शब्द फळ्यावर लिहितो, आणि समोर बसलेली मुलगी रात्री कशावर वही ठेवून लिहिते हे विचारत नाही.

मुलीचे उदाहरण मुद्दामच घेतले. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ साली केंब्रिजच्या दोन महिला महाविद्यालयांत दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झालेले, स्वतःच्या खोलीविषयीचे त्यांचे पुस्तक (१९२९) आपल्या अभ्यासक्रमात असते. लिहू पाहणाऱ्या स्त्रीला वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लागणारी खोली हवी, ही त्यातली मागणी परीक्षेत हमखास येते. पुण्यातल्या मुलींची खरेदीची यादी पाहिली तर वुल्फबाईंचे कुलूप तिथे पहिल्या क्रमांकावर असते: नवी कडी, आतून बसणारा बोल्ट, खिडक्यांना पडदे. मुलांना हा खर्च नसतो. शिवाय मुलींना जागा निवडताना रस्त्यावरचा दिवा, बसथांबा, शेजार हे सारे पाहावे लागते आणि त्याची किंमत भाड्यात मोजावी लागते. 'आडनाव काय?', 'नॉनव्हेज करता का?' या प्रश्नांना घरमालकाला न रुचणारे उत्तर देणाऱ्यांची जागा शहराच्या आणखी बाहेर सरकते, आणि तिथून बसपासचा, वेळेचा खर्च वाढतो. थोडक्यात, ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याच्या यादीत टेबलाच्या आधी चार नोंदी जास्त असतात.

शासनाच्या हिशेबातही हीच गफलत आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजना आखताना पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. योजना चांगली आहे, तिच्यामुळे कितीतरी मुले शहरात टिकली, हे प्रथम म्हटले पाहिजे. पण निवासाचे २०,००० बारांनी भागले की महिना १,६६६ रुपये येतात. त्यात पुण्यात खोलीचा कोपरा येतो. आणि पहिल्याच महिन्यात लागणाऱ्या डिपॉझिटसाठी, गादी-टेबलासाठी वेगळे शीर्षक नाही. अर्ज, छाननी, हजेरी यांनंतर मिळणारी रक्कम जूनमधल्या खरेदीच्या कामी येत नाही. विद्यार्थी राहतो म्हणजे जेवतो आणि झोपतो, अशीच ही मांडणी आहे. 'कॉट बेसिस'वाल्या मालकाची आणि शासनाची विद्यार्थ्याविषयीची कल्पना इतकी जुळावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बरे, मग टेबल आणायचे कुठून? येथे थोडे व्यवहाराचे बोलतो. साहित्यचर्चेत ते कमीपणाचे मानू नये.

पहिली गोष्ट, टेबल म्हणजे दुकानातले चार पायांचे, खणांचेच पाहिजे असे नाही. आपल्याकडे टेबल-खुर्ची रुळली ती इंग्रजी कचेऱ्या आणि शाळांबरोबर. त्याआधी पोथी वाचायला चौरंग होता, आणि दिवाणजींपुढे उतरत्या पाठीचे बैठे मेज. ज्याला मांडी घालून दोन-तीन तास बसवते त्याला फूटभर उंचीची पक्की फळी पुरते. बसवत नसेल तर अडीच फुटांची उंची आणि त्याला दीड फुटाची बैठक, हे प्रमाण पाळावे. अडीच फुटांच्या टेबलापुढे प्लास्टिकचे बुटके स्टूल घेऊन बसले तर महिन्याभरात मान धरते आणि दोष टेबलाला दिला जातो. फ्लॅटचे नूतनीकरण चालते तिथून निघालेले साधे फ्लश डोअर हा सर्वांत स्वस्त आणि मोठा पृष्ठभाग. भंगारवाल्याकडे किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात तो सापडतो, आणि दोन लोखंडी तिवयांवर आडवा टाकला की दोघेजण समोरासमोर बसू शकतात. पेठांतले वाडे पाडले जातात तेव्हा सागाचे दरवाजेही बाहेर पडतात, पण ते आता हौशी बंगलेवाल्यांकडे जातात. विद्यार्थ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पुस्तकांसाठी विटा आणि फळ्या. हे जुनेच आहे, पण करताना चुका होतात. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, त्यामुळे मांडणी स्वतःच्या पायांवर उभी राहणारी हवी. फळी पाऊण इंचाहून पातळ घेऊ नये आणि दोन टेकूंमधले अंतर अडीच फुटांपलीकडे नेऊ नये, नाहीतर कोशांच्या वजनाने ती पावसाळ्यापर्यंत धनुष्य होते. खालची फळीसुद्धा विटेवरच असावी आणि मांडणी भिंतीपासून चार बोटे पुढे. जुन्या इमारतींच्या भिंती जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरतात, आणि बुरशी लागलेला ग्रंथालयाचा संदर्भग्रंथ परत करताना काय ऐकावे लागते ते ज्याचे त्याला ठाऊक.

दिव्यावर मात्र हात आखडू नये. खोलीच्या मधोमध लोंबणारा बल्ब लिहिणाऱ्याच्या पाठीमागे असतो आणि कागदावर स्वतःचीच सावली पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून उजेड देणारा साधा टेबल-लॅम्प ही त्या खोलीतली टेबलानंतरची सर्वांत महत्त्वाची खरेदी. तीन जोडीदार झोपलेले असताना चौथ्याला वाचता येते ते त्याच्याच जोरावर. मोठा दिवा लावण्यावरून मोडलेली बिऱ्हाडे मला ठाऊक आहेत.

बाकीचे भरभर सांगतो. गादी जुनी घेऊ नये. लोखंडी खाट जुनी चालते. लाकडी खाटेच्या सांध्यांत ढेकूण असतात आणि ते पुस्तकांपर्यंत जातात. विजेची शेगडी घेण्याआधी खोलीतले सॉकेट पाहावे: या शेगड्या २,००० वॅटपर्यंत खेचतात, आणि जुन्या वायरिंगच्या साध्या, बारीक तीन भोकांच्या सॉकेटला तो भार पेलत नाही, जाड पिनेचे १६ अँपिअरचे सॉकेट लागते. ते नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्यावा, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते (१९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५). त्या करारात खोलीतल्या वस्तूंची यादी, कोणती फुटकी आणि कोणती धड यासकट, लिहून घ्यावी. डिपॉझिट परत मिळताना तीच कामाला येते. भांडी घरून येतातच. त्यांच्यावर आजीचे किंवा आईचे नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली असते. अशा ताटात जेवणारा मुलगा शहरात आपली मुळे शोधत फिरतो आणि त्यावर कविता करतो, ही गंमत वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ही सारी खटपट एकेकट्याने दरवर्षी नव्याने का करावी, हा मात्र खरा प्रश्न आहे. मे महिन्यात जुनी तुकडी जाते तेव्हा टेबले, पंखे, मांडण्या फुंकून टाकल्यासारख्या भंगारात जातात, आणि महिन्या-दीड महिन्याने येणारी तुकडी त्याच वस्तू पुन्हा विकत घेते. मधले पाच-सहा आठवडे त्या ठेवायला एखादी खोली नसते, एवढेच कारण. त्याच वेळी बहुतेक महाविद्यालयांच्या गच्चीवर, जिन्याखाली, जुन्या प्रयोगशाळेत पाय मोडलेली बाके आणि टेबले रचून ठेवलेली असतात. जडवस्तू नोंदवहीत त्यांची नोंद असते म्हणून ती टाकता येत नाहीत, निर्लेखनाची समिती बसत नाही म्हणून विकता येत नाहीत, आणि पावसात कुजतात तोवर कोणी विचारीत नाही. सुताराच्या एका दिवसाच्या कामात त्यांतली निम्मी उभी राहतील.

माझी सूचना साधी आहे. भाषा विभागांनी ही टेबले ग्रंथालयाच्या पुस्तकासारखी विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी द्यावीत. नोंदवहीत नोंद तशीच राहील, 'स्थान' या रकान्यात विद्यार्थ्याचे नाव येईल, आणि परत आणल्याखेरीज ना-हरकत दाखला मिळणार नाही. लेखापरीक्षक हरकत घेतील असे प्राचार्य म्हणतात. पण पुस्तक विद्यार्थ्याच्या घरी जाते त्याला लेखापरीक्षक हरकत घेत नाहीत. कारण पुस्तक हे शिक्षणाचे साधन आहे हे नियमात लिहिलेले आहे. टेबलही तसेच साधन आहे असा एका ओळीचा ठराव विभागाने करून तो महाविद्यालयाच्या विकास समितीपुढे ठेवायला काय लागते? समितीची बैठक फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली तर सुताराला एप्रिल मिळतो, आणि जूनमध्ये टेम्पोचे भाडे चौघांत वाटून घेता येते.